एका दिवसात न होणारा प्रवास

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घडलं ते असं.

१. सकाळी दहा वाजता काकांनी चष्म्याच्या दुकानाच्या किल्ल्या नव्या मालकिणीला दिल्या. तीन किल्ल्या. चौथी हरवली आहे हे तिला आधीच सांगितलेलं होतं.
२. साडेअकराला ते घरी आले. मी अर्धी रजा घेतली होती.
३. जेवताना म्हणाले, आता बहिणीकडे राहायला जावं म्हणतो. कायमचं.
४. मी ‘बरं’ म्हणाले.
५. त्यांनी विचारलं, बसचं तिकीट फोनवरून कसं काढतात. मी म्हणाले, मी गाडीने सोडते.
६. ते म्हणाले, ‘एवढ्या लांब? विजेच्या गाडीने?’ मी म्हणाले, जमतं.
७. भांडी त्यांनी घासली. आज पाळी माझी होती.

काका म्हणजे आईचे दुसरे पती. मी पंधरा वर्षांची असताना ते या घरात राहायला आले. त्यांना काय म्हणायचं यावर तेव्हा आईशी चर्चा झाली आणि ‘काका’वर तडजोड झाली. आई जाऊन आठ महिने झाले. घर माझ्या नावावर आहे, आईची गाडीही. काकांचं आणि माझं आता कागदोपत्री काहीच नातं उरत नाही. हे त्यांनीच आज मांडून दाखवलं, अगदी गोड आवाजात, गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगतात तसं. ‘तू उद्या लग्न करशील, कुणाला घरी आणशील. त्याला काय सांगणार, हा म्हातारा कोण?’

त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. मी त्यात चूक शोधली, सापडली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अंतर सहाशे दहा किलोमीटर. गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी चाळीस युनिटं, आणि एका युनिटला सरासरी सव्वासहा किलोमीटर. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी अडीचशे किलोमीटर जाईल, पण शून्यापर्यंत कुणी जाऊ नये. वाटेत तीन जलद चार्जर आहेत. प्रत्येक ठिकाणी पन्नास मिनिटं थांबलं तर सकाळी सहाला निघून संध्याकाळी सहाला पोचता येतं.

मी दोन दिवसांचा तक्ता केला. एक मुक्काम, जिथे गाडी रात्रभर सावकाश चार्ज होईल. कारण लागोपाठ जलद चार्जिंगने बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर जी बसते तिला तक्ता दाखवला. आम्ही दोघी वीजमीटर तपासतो, त्यामुळे तिला आकडे वाचता येतात. ती म्हणाली, ‘अगं, वर्षातून एकदा तापली बॅटरी तर काय बिघडतं? जीव आहे का तिला?’

मी म्हणाले, आईची गाडी आहे.

‘मग आईने एका दिवसात नेली असती.’

ते खरं आहे. आई गाडी फार वेगाने चालवायची. पण तक्ता मी बदलला नाही. काकांना सांगितलं, एका दिवसात होत नाही. ते म्हणाले, ‘नाहीच होणार. एवढा लांबचा रस्ता.’

७ फेब्रुवारी, शनिवार. मुक्कामाची जागा, संध्याकाळी साडेसहा

सकाळी सात दहाला निघालो. सामान दोन बॅगा, एक उशी, आणि काकांची भिंगांची पेटी. डोळे तपासताना एकेक भिंग फ्रेममध्ये घालून ‘हे बरं की हे बरं’ विचारतात, ती. दुकान विकलं, पण पेटी विकली नाही.

पहिला थांबा एकशे नव्वद किलोमीटरवर. पोचलो तेव्हा चोवीस टक्के उरले होते, माझ्या अंदाजापेक्षा एक टक्का जास्त. चार्जर एका मोठ्या दुकानाच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेत. आधी ॲप उतरवून घ्यायचं, त्यात नाव नोंदवायचं, मग ओटीपी. ओटीपी आला नाही. दुसऱ्यांदा मागवला, तेव्हा पहिला आला. काका म्हणाले, ‘एक प्लग लावायला एवढी चौकशी? मुलगी मागायला आल्यासारखं वाटतंय.’

शेवटी सुरू झालं. मी हात धुवायला गेले. काका म्हणाले, मी थांबतो गाडीजवळ. अकरा मिनिटांनी आले तर चार्जिंग थांबलेलं. एकोणचाळीस टक्के. पुन्हा ॲप, पुन्हा ओटीपी. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. प्लगची खिट्टी सैल असावी. चार्जर चालवणाऱ्या कंपनीला ॲपमधूनच तक्रार लिहिली, वेळेसकट.

तिथल्या रखवालदाराच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. काकांनी खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत काडी बसवून दिली. त्याने आम्हाला बसायला दोन खुर्च्या आणून दिल्या. मग आम्ही कचऱ्याच्या डब्यांकडे तोंड करून बसलो. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

काकांनी आईची एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. आई पहिल्यांदा दुकानात आली ती वाचायचा चष्मा करायला. आठ दिवसांनी परत आली, नंबर चुकलाय म्हणाली. त्यांनी पुन्हा तपासला. पुन्हा आठ दिवसांनी आली. अशी पाच वेळा.

‘नंबर चुकला होता?’ मी विचारलं.

‘पाचही वेळा बरोबर होता.’

‘मग तिचा वेळ वाया गेला.’

‘हो,’ काका म्हणाले. ‘आम्ही दोघांनी मिळून वाया घालवला.’

तेवढ्यात ऐंशी टक्के झाले. तक्त्यात इथे पंच्याहत्तरच हवे होते. माझं लक्ष नव्हतं.

मधला जलद चार्जर मुक्कामाच्या थोडा अलीकडे लागला, तिथे थांबलो नाही. मुक्कामाला साडेचारला पोचलो. व्यवस्थापक म्हणाला, चार्जरची जागा एकच आहे आणि तिथे त्याची स्वतःची मोटरसायकल उभी आहे, किल्ली त्याच्या बायकोकडे. बायको बाजारातून येईपर्यंत काका त्याला डोळ्यांच्या कोरडेपणाबद्दल सांगत बसले. आता केबल लावली आहे. साडेतीन किलोवॅटचा चार्जर आहे, पहाटेपर्यंत पूर्ण भरेल.

काकांची खोली माझ्या शेजारी. भिंत पातळ आहे. ते नेहमीसारखे स्वतःशी गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत आहेत. घरी दार बंद केलं की ते गुणगुणणं मला ऐकू येत नाही, असा माझा समज होता. तिथेही येत असणार.

८ फेब्रुवारी, रविवार. पिठाच्या गिरणीत, दुपारी साडेतीन

क्रमाने लिहिते, कारण वेळ आहे.

सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो. दीडशे किलोमीटरनंतर तिसरा जलद चार्जर, तिथे चाळीस टक्के. पुढे एकशे चाळीस किलोमीटर उरतात, त्यात चढ आहे, म्हणून पंच्याहत्तरपर्यंत भरायचं ठरवलं होतं. लावलं. चहा आणायला गेले. परत आले तर सेहेचाळीसवर थांबलेलं. पुन्हा सुरू केलं आणि वर्तमानपत्र घ्यायला गेले. परत आले तर अठ्ठावन्नवर थांबलेलं. दोन्ही वेळा काका गाडीजवळच होते. त्यांना विचारलं, कुणी आलं होतं का. ते म्हणाले, ‘नाही बुवा. मी तर इथेच आहे.’

तिसऱ्यांदा सुरू करायला गेले तर यंत्राने दोष दाखवला आणि पडदा काळा झाला. कंपनी कालचीच होती; हेल्पलाइनवरच्या बाईंनी या दोन्ही वेळाही माझ्या तक्रारीत लिहून घेतल्या आणि सांगितलं, माणूस उद्या येईल. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, ‘बाई, काहीच करता येणार नाही का? चूक तुमची नाही, पण बघा ना काहीतरी.’ इतक्या काकुळतीने त्यांना बोलताना मी ऐकलेलं नाही. नंतर ते साठ किलोमीटर एक शब्द बोलले नाहीत. आईचा स्वभाव वेगळा होता. गप्प माणूस दिसला की ती रेडिओ लावायची. रेडिओला वीज किती लागते याचा हिशेब करून मी तो लावला. नगण्य लागते.

साठ किलोमीटरवर आणखी एक, तक्त्यात नसलेला चार्जर होता. होता म्हणजे ताडपत्रीखाली. रस्ता रुंद करायचं काम चाललं आहे. तिथे तेहतीस टक्के उरले होते आणि ऐंशी किलोमीटर जायचं होतं, बहुतेक चढ. मी एसी बंद केला, वेग पंचेचाळीसवर ठेवला. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले. काका पहिल्यांदा बोलले, ‘उतरून ढकलू का?’

आठ टक्के उरले तेव्हा वस्ती दिसली. सोळा किलोमीटर बाकी होते. आधी एका चहाच्या टपरीवर विचारलं. माझ्या जवळची केबल साध्या जाड प्लगलाही लागते, पण तिने लाल दिवा दाखवला. अर्थिंग नाही. टपरीवाला म्हणाला, ‘आमचा फ्रिज तर चालतो.’ मी म्हणाले, फ्रिज माझ्यापेक्षा धाडसी आहे. काका मोठ्याने हसले. मी विनोद केला नव्हता, पण हसले हे बरं झालं.

पुढे शंभर पावलांवर ही गिरणी. मोटर मोठी आहे, म्हणजे अर्थिंग नीट असणार. गिरणीवाल्या बाई पन्नाशीच्या, भुवयांपर्यंत पीठ. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लोक धान्य घेऊन येतात. तुम्ही अख्खी गाडीच आणलीत दळायला.’

‘दोन-सव्वादोन तास लागतील,’ मी म्हणाले.

‘जाडसर काढलं तर लवकर होईल का?’

मीटर पाहिला. आमच्याच प्रयोगशाळेतून गेलेल्या मालिकेतला आहे, सील शाबूत. केबल लावली, हिरवा दिवा. मोटर चालू असताना गाडी लावायची नाही असं ठरलं, आणि दळायला आलेल्या एका आजीबाईंचा नंबर आधी होता. त्यांचं झाल्यावर बाईंनी आम्हाला पोत्यांवर बसायला सांगितलं.

त्या वजनकाट्यावर वाकून, डोळे बारीक करून आकडा वाचत होत्या. काकांनी ते पाहिलं मात्र, लगेच पेटी आणायला गेले. दाराच्या उजेडात बाईंना बसवलं, नाकावर चाचणीची फ्रेम चढवली. ‘हे बरं की हे बरं?’

‘दोन्ही बरी दिसतात.’

‘मला खूश करू नका. अक्षर वाचा.’

मी पुड्यावरचा मजकूर धरून उभी राहिले. माझं काम तेवढंच होतं. सव्वादोनचं भिंग घातल्यावर बाई थांबल्या. पुड्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ‘अरे देवा,’ म्हणाल्या, ‘केवढी भेगाळलीत बोटं. कुणी सांगितलं नाही मला.’

काका कागदावर नंबर लिहीत बाहेर गेले. बाईंनी मला विचारलं, ‘हे तुझे कोण?’

‘आईचे दुसरे पती.’

‘आईचे कोण ते नाही विचारलं.’

मी उत्तर देण्याआधी काका परत आले. आता सोळा टक्के झाले आहेत. वीसला निघू.

९ फेब्रुवारी, सोमवार. काकांच्या बहिणीचं घर

काल पावणेपाचला पोचलो, अकरा टक्के शिल्लक. काकांची बहीण त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, सरळ बोलणारी. खोली वरच्या मजल्यावर आहे. पूर्वेला खिडकी, टेबल, दिवा, लाकडी पलंग, कपाट नवं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. न्हाणीघर लागून. खोलीत खोट काढण्यासारखं काही नाही. मी दोनदा पाहिली.

सकाळी त्यांच्या बहिणीला यादी दिली. अकरा कलमं. गोळ्या कोणत्या वेळी. चहात साखर नाही, पण मागतील. उशी एकच, दोन घेतल्या की मान धरते. वाचताना दिवा डावीकडून हवा. सर्दी झाली तरी सांगत नाहीत, गुणगुणणं बंद झालं की समजावं. त्यांनी यादी पूर्ण वाचली, चष्मा काढला.

‘एवढं सगळं तुला माहीत आहे, मग इथे कशाला आणलंस याला?’

‘त्यांना यायचं होतं.’

‘असं तो म्हणाला?’

‘हो. तीन तारखेला.’

त्या हसल्या. ‘तुम्ही दोघं एका घरात बारा वर्षं काय बोलत होता गं?’

प्रश्न योग्य होता. आठवून पाहिलं. बऱ्याचदा बिघडलेल्या वस्तूंबद्दल.

उद्या निघते. काकांनी गाडीच्या काचा आतून-बाहेरून पुसल्या, चष्म्याच्या फडक्याने. दीड तास लागला. एका गाडीच्या काचांना एवढा वेळ लागत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहा दहाला निघाले, संध्याकाळी सहाला घरी पोचले. तीन थांबे, तिन्ही जलद. दुरुस्तीचा माणूस येऊन गेला असावा, तो बंद पडलेला चार्जरही चालू होता. एकदाही मध्ये थांबला नाही. खिट्टी सैल नाही. बॅटरी तापली, पण मर्यादेत.

तिन्ही ठिकाणी मी गाडीतच बसून होते. पन्नास मिनिटं बरीच असतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन गोष्टी.

चष्म्याच्या दुकानाची नवी मालकीण घरी आली. गिऱ्हाइकं येतात, ‘ते कुठे आहेत’ विचारतात आणि निघून जातात. आठवड्यातून तीन सकाळी काकांनी डोळे तपासायला बसावं, अशी तिची इच्छा आहे. मी म्हणाले, ते आता इथे राहत नाहीत. ती म्हणाली, ‘हो, पण कायमचं थोडंच?’ मी ‘कायमचं’ म्हणायला गेले आणि म्हटलं नाही. पाणी दिलं.

दुसरं, चार्जर कंपनीचं उत्तर आलं. सौजन्यपूर्ण आहे. तिन्ही वेळा चार्जिंग बिघाडाने थांबलेलं नाही. यंत्राच्या पडद्यावरून थांबवलं गेलं आहे. पडद्यावर ‘थांबवा’ दाबलं की ‘नक्की?’ असं विचारलं जातं. तिन्ही वेळा ‘हो’ दाबलेलं आहे.

मी उत्तर चार वेळा वाचलं. मग तक्ता उघडला, पाच तारखेचा, आणि त्याचीही तपासणी केली. माझ्या कामात एक नियम आहे, दुसऱ्याच्या मीटरमध्ये चूक दिसली तर आधी स्वतःचं उपकरण तपासायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी काकांचा फोन आला. आधी हवामान. मग:

‘त्या दिवशी किती वाजता पोचलीस म्हणालीस?’

‘सहाला.’

‘सकाळी निघालीस त्याच दिवशीच्या?’

‘हो.’

‘एका दिवसात होत नाही म्हणाली होतीस.’

मी म्हणाले, परतीच्या वाटेला उतार आहे.

‘सहाशे दहा किलोमीटर उतार?’

मी विषय बदलला नाही, बाजू बदलली. म्हणाले, ‘कंपनीचं उत्तर आलंय. तीन वेळा कुणीतरी पडद्यावरून थांबवलंय.’

‘खांदा लागला असेल. मी जवळच होतो.’

‘खांदा ‘नक्की?’ला ‘हो’ म्हणत नाही, काका.’

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

‘यंत्र बंद पडेल असं नव्हतं वाटलं गं,’ ते म्हणाले. ‘तुला ते आठ टक्के बघत बसावं लागलं.’ आणि मग घाईने, ‘ठेवतो. दूध उतू जातंय.’

त्यांच्या बहिणीकडे दूध सकाळी तापवतात. मी यादी देताना विचारून घेतलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेसातला काकांना पाठवलेल्या संदेशाची प्रत:

काका,

प्रवास एका दिवसात होत होता. पाच तारखेला मला ते माहीत होतं. बॅटरीचं कारण मी स्वतःलाही सांगितलं आणि मला ते पटलंही, पण ते कारण नव्हतं. मला दुसरा दिवस हवा होता. तुम्हालाही थोडा वेळ हवा होता, असं कंपनीच्या नोंदीवरून दिसतं. मी तक्रार मागे घेतली आहे.

दुकानाच्या मालकिणीला तीन सकाळी डोळे तपासायला माणूस हवा आहे आणि ती तुमचंच नाव घेते. हे कळवणं माझं काम, म्हणून कळवते. ते पुढे करून तुम्हाला बोलावत नाही. ती आली नसती तरी मी हे लिहिलं असतं, कदाचित उशिरा.

घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तुम्ही बारा वर्षांत एकदाही काढला नव्हता. आताही काढू नका. उद्या मी कुणाला घरी आणलंच तर तुमच्या गुणगुणण्याची सवय त्याने करून घ्यायची आहे, तुम्ही सोडायची नाही. गिरणीतल्या बाईंनी मला विचारलं होतं, हे तुझे कोण. मला उत्तर लगेच देता आलं नाही, कारण त्याला शब्द नव्हता. माणूस होता.

तुम्ही परत यावं असं मला वाटतं. राहायला.

बहिणीकडे खरंच बरं वाटत असेल तर तसं लिहा. मी पुन्हा विचारणार नाही, आणि महिन्यातून एकदा भेटायला येईन. पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. मी मोजमाप करणारी आहे, मला खरा आकडा लागतो.

शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. हो किंवा नाही, शुक्रवार २० तारखेपर्यंत कळवा. फोनवर नको, लिहून कळवा.